तीन बोटांची जागा

मनासे आपटेकरनं एका आंधळ्या म्हातारीचा रेडिओ बदलला, असं पनवेलात अजूनही चार-दोन माणसं म्हणतात. परवा एकजण माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पीत पीत म्हणाला. मी त्याला चहा पुरा करू दिला आणि मग बाहेर काढला. माझा स्वभाव तापट आहे, पंचावन्नाव्या वर्षी तो काही बदलायचा नाही. पण एकेकाला असं बाहेर काढत बसलो तर दुकान कोण चालवणार? म्हणून हे लिहून ठेवतो.

मी कमळाकर. टपाल नाक्याजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, सेहेचाळीस सालापासूनचं. मनासे त्याच साली मुंबईहून परत आला. लढाईच्या काळात तो तिकडे एका कारखान्यात रेडिओच्या पेट्यांना चकाकी आणायच्या कामावर होता. कारखाना बंद पडला, आणि हा एक खोकला आणि एक कसब घेऊन गावी आला. दोन्हींचा गावाला काही उपयोग नव्हता. अख्ख्या पनवेलात तेव्हा रेडिओ मोजून पंधरा-वीस, त्यातले निम्मे लाकडी.

मी त्याला म्हटलं, "अहो, लोक आवाजासाठी रेडिओ घेतात. पेटी चकचकीत असली काय, नसली काय."

तो म्हणाला, "तुम्ही मुलगी बघायला गेला होतात, तेव्हा नुसतं तिचं गाणं ऐकून परत आलात का?"

मी त्याला दुकानातला खिडकीकडचा कोपरा दिला. महिन्याभरात अहो-जाहो संपलं. रेडिओच्या आतलं माझं, बाहेरचं त्याचं, अशी वाटणी पंधरा वर्षं चालली.

मनासे बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातला ज्यू. इस्रायल तलावाजवळ त्याचं घर. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी यांचा शब्बाथ, त्या दिवशी काम बंद, म्हणून घाणाही बंद, आणि गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. घाणा बापाच्या वेळीच मोडला, बाप कचेरीत कारकून झाला. तेल मात्र घरातून गेलं नाही. सिनेगॉगमधल्या, म्हणजे यांच्या प्रार्थनाघरातल्या, टांगत्या दिव्यांत दर शुक्रवारी तेल घालायचा मान आजोबांपासून याच घराकडे होता. दुपारचे तीन वाजले की मनासे हातातली पेटी खाली ठेवायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि तेलाची बाटली घेऊन निघायचा. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. यावरून दर शुक्रवारी आमचं भांडण व्हायचं आणि दर शुक्रवारी मी हरायचो.

त्याच्या पेट्या बॅकेलाइटच्या, म्हणजे जुन्या टणक प्लास्टिकच्या, काळ्या नाहीतर विटकरी. "याला एकच कातडी असते," तो सांगायचा. "कागदाएवढी. तिच्याखाली सगळा लाकडाचा भुसा. कातडी गेली की बाप आला तरी चमक यायची नाही." खिडकीशी ठेवलेली पेटी उन्हानं एका बाजूला पांढुरकी पडते, चुलीजवळची मेणचट होते. मनासे आधी कोमट पाण्यानं ती पुसून लगेच कोरडी करायचा. मग खडूची पूड, मलमलीतून सात वेळा चाळलेली, तिळाच्या तेलात कालवून जुन्या धोतराच्या तुकड्यानं घासायची. शेवटी नुसत्या तळहातानं. पण या सगळ्याच्या आधी तो डोळे मिटून दहाही बोटं पेटीभर फिरवायचा. "डोळे उजेड असेल तसं बघतात," म्हणायचा, "बोटांना खरं कळतं." किती घासायचं आणि कुठं थांबायचं, हे सगळं त्या बोटांवर. पंधरा वर्षांत एकाही पेटीची कातडी त्यानं जाऊ दिली नाही.

पेटीवरून तो घर ओळखायचा. कुठल्या घरात बटण रागानं फिरवतात, कुठे रेडिओवर चहाची बशी ठेवतात, सगळं सांगायचा. त्याच्या आळीतले रेडिओ तर मीही ओळखायचो. शब्बाथला यांना विस्तव पेटवायचा नाही, आणि बटण फिरवणं हेही त्यातलंच. म्हणून दोन-चार घरं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रेडिओ लावून ठेवत. तो शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत चालू, मध्ये कुणी बोलत असो नाहीतर नुसता खरखरत असो. आतला व्हॉल्व्ह तापून तापून झाकणाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फुगीर डाग पडायचा. मी कपाळाला हात लावायचो. मनासे म्हणायचा, "देवाच्या नावानं पडलेला डाग आहे. तक्रार कुणाकडे करतोस?"

असाच एक डागाचा रेडिओ एकसष्ट साली, श्रावणात, अबीगेल घेऊन आली.

अबीगेल शाळेत शिकवायची. वडील नव्हते. घरात ती आणि तिची आई मिरियम, दोघीच. मिरियममावशींची नजर काचबिंदूनं पाच वर्षांपूर्वी पार गेली होती. हा रेडिओ अबीगेलच्या भावानं, शालोमनं, पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला. एक्कावन्न साली आळीतली बरीच मुलं इस्रायलला गेली त्यांत शालोमही गेला, आणि छप्पन साली तिकडे रस्त्याच्या कामावर अपघातात वारला. तिकडेच त्याला पुरलं. मावशींना कळलं ते चौदा दिवसांनी, पत्रानं.

अबीगेल म्हणाली, "काका, आई आठ दिवस पेणला मावशीकडे गेलीय. ती यायच्या आत करून द्या. आवाज फाटलाय आणि पेटीची रया गेलीय. आईला दिसत नाही हो, पण ठाण्याहून मला बघायला माणसं यायची आहेत. त्यांना दिसतं."

मी आत पाहिलं. स्पीकरचा कागद चिरला होता, तो स्पीकर काढून नवा बसवला. सेटचा नंबर नेहमीप्रमाणे माझ्या वहीत लिहिला. मग पेटी मनासेकडे गेली. त्यानं डोळे मिटले, बोटं फिरवली आणि डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यावर थांबला.

"इथं काहीतरी आहे," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. तीन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी, केसाच्या जाडीएवढे खोल आणि अगदी निस्तेज.

"उचलताना धरत असतील," मी म्हटलं. "घास आणि मोकळा हो. शुक्रवार आहे, तीन वाजायला आले."

तो आणखी थोडा वेळ तिथं बोटं ठेवून बसला. माझं वाक्य मला आजही ऐकू येतं. मी घाई केली नसती, तर त्याच्या डोक्यात आलं असतं. कारण ती खूण ओळखायला त्याच्याइतका लायक माणूस पनवेलात दुसरा नव्हता. पण तीन वाजत होते, दिव्यांत तेल घालायचं होतं आणि मी मागे लागलो होतो. त्यानं खडू-तेलाचा बोळा घेतला आणि कोपरा घासून सारखा केला. रविवारी पेटी अशी झाली की तिच्यात बघून दाढी करावी.

बुधवारी अबीगेल आईचा हात धरून दुकानात आली. मागे आळीतले दोघे-तिघे आणि त्यांच्यातल्या एकाच्या खांद्यावर तो रेडिओ.

"मनासे," मिरियममावशी म्हणाल्या, "माझा रेडिओ कुठंय?"

"मावशी, हाच की तुमचा."

"हा नाही. हा काचेसारखा गुळगुळीत आहे. माझ्या रेडिओवर माझी जागा होती."

त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे आम्हाला कळलं. यांच्या दाराच्या चौकटीला एक बारकी डबी ठोकलेली असते, आत देवाची वचनं लिहिलेली गुंडाळी. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची. मावशींचा रेडिओ माजघराच्या चौकटीला लागूनच होता. शालोम इस्रायलला गेला त्या दिवसापासून मावशी मेझुझाला बोटं लावून झाली की तीच तीन बोटं रेडिओच्या कोपऱ्याला लावत आणि मग ओठांना. दिवसातून वीसदा, दहा वर्षं. त्या बोटांनीच तिथं खळगे पडले होते. नजर गेल्यावर तर रेडिओ त्यांना तेवढाच उरला होता. आई हात लावते हे अबीगेलला माहीत होतं. तिथं जागा झालीय हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"आणि आवाजही त्याचा नाही," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मावशी, स्पीकर मी बदललाय."

"आणि जागा कुणी बदलली? मला दिसत नाही म्हणून केलंत ना हे?"

मनासेचा चेहरा पांढराफटक पडला होता. बघणाऱ्यांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

"हा ठेवा तुमच्याकडे," मावशी म्हणाल्या. "माझा मला आणून द्या." अबीगेल रडत होती, पण आमच्याकडे बघत नव्हती.

नशीबही असं की तशाच घडणीची एक पेटी मनासेनं चकचकीत करून, मी बॅटरीचा सेट आत घालून, त्याच आठवड्यात जवळच्या ओवे गावातल्या काशीरामला दिली होती. आळीनं लगेच दोन आणि दोन पाच केले. दोघेजण थेट ओव्याला जाऊन त्याचा रेडिओ चाचपून आले, आणि दुसऱ्या दिवशी काशीराम तणतणत दुकानात.

"दोन माणसं घरात शिरली नी रेडूवर हात फिरवून गेली. आमी काय चोर हाय? रेडू राजरोस घेतलेला हाय. त्यात लपवायसारका काय पन नाय."

मी त्याला शांत केलं आणि माझं डोकं मात्र फिरलं. पुरावा माझ्याकडे एक सोडून दोन होते. सेटचा नंबर वहीत होता, आणि झाकणाच्या आत शब्बाथचा डाग होता. तो तर मावशींना स्वतःच्या बोटांनी चाचपता आला असता. मी वही घेतली, चप्पल पायात घातली. मनासेनं माझं मनगट धरलं.

"थांब. जाऊन काय करशील?"

"तू चोर नाहीस हे सांगेन."

"आणि तिचं काय होईल?"

मी म्हटलं, "तिचं काय व्हायचंय? तिचा रेडिओ तिला मिळेल."

"कमळाकर, आत्ता तिला वाटतंय की तिचा रेडिओ कुठंतरी आहे. चोराच्या घरी असेल, पण आहे. शालोमची जागा आहे. तू सिद्ध केलंस की ती जागा मी खडूनं पुसली, तर मग ती कुठंच नाही." तो खाली बसला. "पोराची कबर तिनं पाहिली नाही. दगडाला हात लावायलासुद्धा मिळाला नाही तिला. तेवढी तीन बोटांची जागा होती. मी, आमच्यातला असून, दिवसातून वीसदा तेच करत असून, मला कळलं नाही."

मला त्याची कीव यायला हवी होती. मला राग आला. मी ओरडलो, "मग काय, चोर म्हणवून घेणार आहेस?"

तो म्हणाला, "हो."

मी रागानं विचारलेलं त्यानं मनावर घेतलं. आणि वर मला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मनासे ती जागा पुन्हा करायला बसला. आधी एका फुटक्या पेटीवर करून पाहिलं. चुना आणि चुलीतली राख कालवून फडक्यानं घासलं तर चमक जात होती, पण सपाट जात होती. "फडकं नको," तो म्हणाला. "तिच्या बोटांना लगेच कळेल." मग तो नुसत्या बोटांनी घासू लागला. मावशींची उंची मनात धरून, खालून वर, उजव्या हाताची तीन बोटं, चुन्यात बुडवून. त्या आधीच्या शुक्रवारी डोळे मिटून चाचपलेले खळगे त्याच्या बोटांना पाठ होते. पंधरा दिवस तो तेच करत होता. इतकी वर्षं ज्याला चमक आणताना पाहिलं, त्याला चमक घालवताना मला बघवेना. मी पाठ फिरवून काम करायचो.

चुन्यानं त्याच्या बोटांची टोकं सोलून निघाली. मिल्का, त्याची बायको, त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. तिला त्यानं खरं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी ती दुकानात हळद आणि खोबरेल घेऊन आली, त्याच्या बोटांना लावलं आणि मला म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी याला अडवायचं होतं." मी म्हटलं, "वहिनी, मी याला शुक्रवारी तीन वाजता कधी अडवू शकलो का?" ती हसली नाही.

खळगे झाल्यावर मनासेनं मला विचारलं, "तो जुना स्पीकर आहे का रे?" मी तो भंगारात टाकला होता. शोधून काढला, आणि चांगला स्पीकर उतरवून माझ्या हातानं तो चिरलेलाच पुन्हा बसवला. दुरुस्तीच्या धंद्यात हे एवढं एकच काम मी उलटं केलंय.

त्यांचा किप्पूर जवळ आला होता. जुनी माणसं त्याला दार लावून बसायचा सण म्हणत. दिवसभर कडक उपास, पांढरे कपडे आणि देवापाशी माफी. पण देवाकडे जाण्याआधी ज्या माणसाचं वाईट केलं त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. तो माणूस माफ करत नाही तोवर देवही करत नाही. किप्पूरच्या आदल्या सकाळी मनासे मिरियममावशींच्या घरी गेला. रेडिओ मी धरला होता, कारण त्याच्या बोटांना वजन सोसत नव्हतं. ओसरीवर शेजारपाजारची माणसं होतीच.

"मावशी," मनासे म्हणाला, "तुमची पेटी मी काढून ठेवली होती. दुसरी घालून दिली. मला लोभ सुटला. ही तुमची परत आणलीय. मला माफ करा."

मी रेडिओ चौकटीशी, जागच्या जागी ठेवला. मावशी उठल्या, आधी मेझुझाला बोटं लावली आणि मग कोपरा चाचपला. तीन बोटं तीन खळग्यांत बसली. त्यांनी ती ओठांना लावली. मग हाथबोशीसाठी दोन्ही हात पुढे केले. यांच्यात भेटताना एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि मग आपली बोटं ओठांना लावायची, त्याला हाथबोशी म्हणतात. मावशींनी मनासेचे हात धरले. नेहमीपेक्षा जास्तच वेळ धरले, असं मला तेव्हा वाटलं.

"माफ केलं," त्या म्हणाल्या.

सुटलो एकदाचे, असं वाटून मी घरी जेवायला गेलो. मूर्ख होतो.

त्या शुक्रवारी दिव्यांत तेल दुसऱ्याच कुणीतरी घातलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझान भले गृहस्थ होते. त्यांनी मिल्काला हळूच सांगितलं, "थोडे दिवस जाऊ द्यात. लोक बोलतात." ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. मनासे मात्र शुक्रवारी तीन वाजता उठायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा आणि परत येऊन खिडकीपाशी बसायचा. मी त्या वेळी मुद्दाम काहीतरी ठोकत बसायचो.

बोटं बरी झाली, पण त्यांची जाण परत आली नाही. बासष्टच्या उन्हाळ्यात एका विटकरी पेटीवर काम करताना त्यानं कातडी काढली. भुसा उघडा पडला तेव्हा त्याला दिसलं. बोटांना कळलंच नव्हतं. त्यानं फडकं घडी करून ठेवलं आणि त्यानंतर पेटीला हात लावला नाही. माझे व्हॉल्व्ह पुसून द्यायचा. आळीतली गिऱ्हाइकं तर आधीच तुटली होती. मी महिन्यातून एकदा तरी म्हणायचो, "माझी शपथ सोडव." तो म्हणायचा, "म्हातारी जिवंत आहे तोवर नाही." यावरून आमचं असं वाजायचं की शेवटी शेवटी आम्ही दोघं दिवस दिवस बोलत नसू. त्रेसष्टच्या डिसेंबरात त्याच्या छातीत कफ झाला आणि दहा दिवसांत तो गेला. म्हातारी जिवंतच होती. मातीला माणसं कशीबशी दहा झाली.

चौसष्टचा किप्पूर यायच्या आठवड्यात अबीगेल मला बोलवायला आली. तिचं ठाण्याचं जमलं नव्हतं, दुसरीकडेही नाही. मावशी खूप थकल्या होत्या. रेडिओ चौकटीशी होता.

"कमळाकर," त्या म्हणाल्या, "तुला माहीत होतं ना?"

मला शपथ होती.

"मलाही माहीत होतं. हाथबोशी केली तेव्हा त्याच्या तीन बोटांना कातडी नव्हती. चुन्याचा वास येत होता. रेडिओच्या कोपऱ्यालाही तोच वास. मी आंधळी आहे, पण एवढं कळणार नाही का मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर शालोमची जागा गेली असं माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. माझ्यानं ते म्हणवेना. आज म्हणू, उद्या म्हणू, असं करत गेले."

"आणि मनासेचं नाव गेलं त्याचं काय?" मी वडीलधाऱ्या माणसाशी असा कधी बोललो नव्हतो. "त्याचे हात गेले, दिवे गेले. दोन वर्षं तो माझ्यासमोर हात धुऊन नुसता बसायचा, मावशी."

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणूनच तुला बोलावलं. तू त्याचा जवळचा. त्याच्या वतीनं तू मला माफ कर."

मी म्हटलं, "ते माझ्याकडे नाही. मला देता येणार नाही." आणि उठून आलो. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

मावशींनी मग हझानांना बोलावून सगळं सांगितलं. हझान म्हणाले की ज्याचं वाईट केलं तो मेला असेल, तर दहा पुरुषांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि दहांच्या देखत बोलायचं. आता आळीत दहा पुरुष कुठले? घरं रिकामी व्हायला लागलेली, तरुण सगळे विमानानं गेलेले. दोघांना पेणहून बोलवावं लागलं.

किप्पूरच्या दोन दिवस आधी, सकाळी, त्यांच्या कबरस्तानात आम्ही जमलो. मी टोपी घालून मागे उभा राहिलो. मिल्का लांब, कुंपणाशी उभी होती. अबीगेलनं आईला मनासेच्या दगडापाशी नेलं. मावशी मोठ्यानं बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"मनासेनं माझा रेडिओ बदलला नाही. तो माझाच होता. त्यानं चुकून माझ्या शालोमची जागा पुसली आणि मला दुःख नको म्हणून बोटं जाळून ती परत केली. वर चोरी अंगावर घेतली. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. शालोमची जागा गेलीय. मी तीन वर्षं मनासेनं केलेल्या जागेला बोटं लावत आले. मनासे, मी तुझी गुन्हेगार आहे."

मग त्या वाकल्या, चाचपत दगड शोधला, त्यावर तीन बोटं टेकली आणि ओठांना लावली. दहांपैकी काहीजण खाली बघत होते. त्यांतलेच दोघे काशीरामच्या घरी जाऊन आले होते.

मिल्का पुढे आली. मला वाटलं ती रडेल. ती कोरड्या आवाजात म्हणाली, "मावशी, तो दोन वर्षं जिवंत होता. तुमच्या घरापासून चार दारांवर."

"हो," मावशी म्हणाल्या.

माफ केलं असं मिल्का म्हणाली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी मी ऐकलं नाही. माणसं फाटकाकडे निघाली. अबीगेल हझानांशी बोलत मागे राहिली होती. मावशी एकट्याच दगडापाशी उभ्या होत्या, कुठल्या बाजूला वळायचं ते त्यांना कळेना. वाटेवर खडी पसरलेली होती. मिल्का दोन पावलं पुढे गेली होती, ती परत फिरली आणि तिनं म्हातारीचा हात धरला.